पंपाचं भाषण

श्वेतानं पेनाचं टोपण दातात धरलं आणि बाबांच्या भाषणातला पहिला 'मंगलमय' खोडला. मग दुसरा खोडला. तिसरा पुढच्या ओळीत 'सुवर्णक्षणा'च्या मागे लपून बसला होता, पण तोही तिच्या नजरेतून सुटला नाही. समोर लवू गावडे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. दाताच्या डॉक्टरकडे माणूस बसतो तसे.

"'उभय कुलांच्या स्नेहसरितांचा संगम' म्हणजे काय, बाबा?"

"दोन घरं एकत्र येतायत."

"मग तसं म्हणा ना."

"तसं काय, कुणीही म्हणेल," लवू म्हणाले आणि त्यांनी खिडकीबाहेर मेट्रोच्या पुलाकडे बघितलं.

श्वेतानं संगम खोडला. 'अल्पोपहाराचा स्वीकार करून आम्हांस उपकृत करावे' यावर आडवी रेघ मारून वर 'चहा घ्या' असं लिहिलं. दोन्ही पानं संपली तेव्हा साखरपुड्याच्या स्वागतपर भाषणात एवढंच उरलं होतं : नमस्कार. सगळे आलात, बरं वाटलं. चहा घ्या.

लवूंनी कागद हातात घेऊन तो वाचला. वाचायला काही फारसं नव्हतंच. त्यांनी त्याची व्यवस्थित घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवून दिली.

मरोळच्या त्या सोसायटीत लवू गावडे हे प्रकरण सर्वांना परिचित होतं. घरात बायकोला 'च्याय दी गो' म्हणणारा हा साधा मालवणी माणूस माईक हातात आला की पार बदलून जायचा. आवाज खाली उतरायचा, मान वर जायची आणि तोंडातून असे काही शब्द निघायचे की ऐकणाऱ्यानं आधी इकडेतिकडे बघावं. लिफ्ट बंद पडली तेव्हा त्यांनी फळ्यावर 'उद्वाहन यंत्रणा सांप्रत विश्रांती घेत आहे' असं लिहिलं होतं. लोक बटण दाबून विश्रांती संपायची वाट बघत उभे राहिले. माईक त्यांचा स्वतःचा होता, बिनवायरचा, आणि तो कपाटात बायकोच्या, मालनच्या पैठणीशेजारी मखमली पिशवीत राहायचा.

हे वेड त्यांना उशिरा लागलं. औषधांच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला, दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीच्या दिवशी हार घातल्यावर साहेब त्यांच्याबद्दल एवढंच बोलले, की गावडे वेळेवर यायचे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सामोसे आले, संपलं. लवूंनी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं की यापुढे आपल्या तावडीत सापडलेल्या कुणालाही इतक्या स्वस्तात सोडायचं नाही. मग तो दहावी पास झालेला पोरगा असो, नवीन वॉचमन असो, नाहीतर पाण्याचा पंप असो.

पंपानंच सगळा घोटाळा केला. गेल्या वर्षी सोसायटीत नवा पंप बसला आणि नारळ फोडायच्या कार्यक्रमाला माईक अर्थातच लवूंकडे होता. "आपल्या वसाहतीच्या इतिहासात असा क्षण आजवर आला नाही, पुढे येईल याची शाश्वती नाही," अशी त्यांनी सुरुवात केली. "याची शक्ती पाच अश्वांची, परंतु मन मात्र सागराचे. मित्रहो, हा केवळ पंप नव्हे. ही सातव्या मजल्यावरील माउलीच्या हंड्यात उतरलेली पहाट आहे." खालच्या मजल्यावरच्या कुंदाकाकू, ज्यांना साठीनंतर रील बनवायचा नाद लागला होता, त्यांनी हे सगळं फोनवर घेतलं, मागे सनई लावली आणि इंटरनेटवर सोडून दिलं.

दोन दिवसांत ते रील अंधेरीत श्वेताच्या ऑफिसात पोहोचलं. सकाळी ती लिफ्टमधून बाहेर पडली की कुणीतरी "पहाट आली रे" म्हणायचं. ती सगळ्यांबरोबर हसायची. हसण्यासारखंच होतं ते. पण एकदा एका नव्या मुलीनं मान वेळावत बाबांच्या आवाजाची नक्कल केली आणि श्वेताला डबा खाववेना. ती कुंदाकाकूंवर चिडली, आणि तो राग निघाला बाबांवर. आता तर सम्यकच्या घरची माणसं येणार होती.

सम्यक वाहुळे, तिचा होणारा नवरा, तिच्याच ऑफिसातला. घर घाटकोपरला, मूळ गाव जालन्याकडचं, घरात बुद्धाची मूर्ती आणि भिंतभर पुस्तकं. दोन्ही घरं एकदाच भेटली होती आणि त्या भेटीत सगळे इतकं जपून बोलले की मेट्रो सुरू झाल्यामुळे किती सोय झाली यापलीकडे विषयच गेला नाही. लवूंच्या नात्यातल्या काहींनी 'जातीबाहेर कशाला' असा सूर काढून बघितला. लवूंनी त्यांना अगदी कमी शब्दांत सांगितलं की यायचं तर आनंदानं या, नाहीतर तब्येत सांभाळा. त्यातल्या तिघाचौघांची तब्येत मग साखरपुड्याच्या आठवड्यातच बिघडली.

हे सगळं श्वेताला ठाऊक होतं. आपला बाप मनानं किती मोठा आहे हेही ठाऊक होतं. तिला फक्त एवढंच हवं होतं, की त्या दिवशी कुणी त्याला हसू नये.

संध्याकाळी लवू कपाटासमोर उभे राहून मखमली पिशवीची दोरी बांधत होते. मालन साड्यांना इस्त्री करत होती. तिनं न बघताच विचारलं,

"तुमका गप ऱ्हवाक जमतला?"

"जमतला. पोरगी सांगता."

मालननं इस्त्री उभी केली आणि नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

रविवारी सोसायटीच्या तळमजल्यावरचा हॉल झेंडूच्या माळांनी भरून गेला होता. वाहुळे मंडळी घाटकोपरहून मेट्रोनं आली, पेढ्यांचे पुडे आणि नव्या साड्यांचा वास घेऊन. सम्यकचे वडील रतन बस डेपोत मेकॅनिक होते. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात ते जरा अवघडून चालत होते. त्यांच्या हाताला धरून त्यांची आई शांताबाई आल्या, निळ्या काठाचं लुगडं नेसलेल्या, लहानखुऱ्या आणि ताठ. त्यांना सोफ्यावर बसायला सांगितलं तर त्यांनी मान हलवली. प्लास्टिकची एक खुर्ची त्यांनी स्वतः ओढत स्पीकरजवळ नेली, कानातलं यंत्र चाचपलं आणि लवूंकडे तोंड करून बसल्या.

सगळे स्थिरस्थावर झाल्यावर लवू पुढे आले. सोसायटीची जुनी माणसं खुर्चीत सरसावली, कुणी शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. लवूंच्या हातात माईक नव्हता. त्यांनी हात जोडले.

"नमस्कार. सगळे आलात, बरं वाटलं. चहा घ्या."

आणि ते जाऊन बसले.

पुढचं वाक्य येईल म्हणून हॉल वाट बघत राहिला. ते आलं नाही. मागून कुणीतरी एक टाळी वाजवली आणि ती एकटीच आहे असं लक्षात आल्यावर थांबवली. कुंदाकाकू लगबगीनं आल्या आणि लवूंना लिंबू सरबत देऊन बीपीची गोळी घेतली का म्हणून विचारू लागल्या. चहा आला. कप-बशांचा आवाज जरुरीपेक्षा मोठा वाटू लागला.

वाहुळ्यांच्या बाजूला मात्र वेगळंच काही चाललं होतं. रतन यांनी गावडेंच्या बाजूच्या रिकाम्या खुर्च्या बघितल्या, मग लवूंकडे बघितलं, आणि हातातली बशी खाली ठेवली. बायकोच्या कानाशी लागून ते काहीतरी बोलले. तिनंही चहा बाजूला केला. थोड्याच वेळात सम्यक श्वेताला खांबाआड घेऊन गेला.

"श्वेता, खरं सांग. तुझे बाबा नाराज आहेत का?"

"वेडा आहेस का? का नाराज असतील?"

"पप्पांना तसं वाटतंय. अगं, ते एवढं बोलणारे आहेत ना यार. आणि आमच्या वेळेला चहा घ्या?"

हे श्वेताच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबा बोलले तर लोक काय म्हणतील याचा तिनं महिनाभर विचार केला होता. बाबा बोलले नाहीत तर त्याचा अर्थ काय होईल, याचा एकदाही नाही.

"तुमच्याकडे कुणाला माहीत ते बोलतात म्हणून?"

"म्हणजे काय? आजी तो पंपाचा व्हिडिओ रोज बघते. जेवण झाल्यावर."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आतच शांताबाई उठल्या होत्या. खुर्चीच्या पाठीला धरून त्या लवूंसमोर उभ्या राहिल्या. हॉलमधली कुजबुज आपोआप थांबली.

"व्याहीबुवा, एक इचारू का?"

लवू धडपडत उभे राहिले. हातातलं सरबत हिंदकळलं.

"पंपाला तुम्ही पहाट म्हनलात. हंड्यातली पहाट. अन् आमाला नुसता चहा?"

त्या हसत विचारत होत्या, पण विचारत होत्या. रतन मान खाली घालून बुटांकडे बघू लागले. लवूंचे ओठ हलले. त्यांनी एकवार श्वेताकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

"नाय, तसं नाय आजी," ते म्हणाले. "घसा जरा बसलाय माझा. सकाळपासून."

ठणठणीत, भरदार आवाजात सांगितलेली ती थाप कुणालाही पटण्यासारखी नव्हती. पण ती कुणासाठी मारली होती हे हॉलमध्ये एका माणसाला बरोबर कळलं. आपल्या बापाला आयुष्यात पहिल्यांदाच शब्द कमी पडताना श्वेता बघत होती, आणि तेही तिला झाकण्यासाठी. तिला रडू येईल असं वाटलं. ती खांबाआडून पुढे आली.

"घसा नाही, आजी. मीच सांगितलं होतं त्यांना, बोलू नका म्हणून."

"का गं?"

"तुम्ही सगळे हसाल असं वाटलं."

शांताबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग त्यांना खरोखरच हसू फुटलं, इतकं की यंत्रावर हात ठेवावा लागला.

"हसायचंच हाय की बाई. आज नाय हसायचं तर कवा?"

त्या मग सगळ्यांनाच सांगू लागल्या. जयंतीच्या सभेला त्या दरसाल जात आल्या होत्या, सतरंजीवर पहिल्या रांगेत. मोठमोठ्या वक्त्यांना त्यांनी ऐकलं होतं. पावसात ऐकलं, लाइट गेल्यावर अंधारात ऐकलं, कडेवर रतनला घेऊन ऐकलं. भाषण असं पाहिजे की माणूस घरी गेल्यावर दोन दिवस एकटाच पुटपुटला पाहिजे. चहा काय, घरीही मिळतो. नातवानं तो पंप दाखवला तेव्हाच त्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं, की पोरगी कशी का असेना, बाप बोलणारा आहे, करून टाका. यावर सगळा हॉल हसला. रतनही हसले आणि त्यांचे खांदे सैल झाले.

श्वेता बाबांजवळ गेली.

"बाबा, बोला."

"माईक वर घरात ऱ्हवलो," लवू पुटपुटले.

तेवढ्यात मालननं मांडीवरची पर्स उघडली. आतून मखमली पिशवी काढली, पिशवीतून माईक काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला. नवे सेलसुद्धा तिनं घालून ठेवले होते.

"माका म्हायत होता," एवढंच ती म्हणाली.

लवूंनी खिशाकडे हात नेला आणि तो परत घेतला. त्या कागदावर आता काही उरलं नव्हतं. माईकवर तळवा ठेवून त्यांनी लेकीला हळूच विचारलं,

"कितपत बोलू?"

"पंपापेक्षा जास्त."

लवूंची मान वर गेली. आवाज खाली उतरला. "आजच्या या मंगलमय," त्यांनी सुरुवात केली आणि पहिल्याच 'मंगलमय'ला सोसायटीच्या माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यानंतर त्यांना कुणी थांबवू शकलं नसतं आणि कुणाला थांबवायचंही नव्हतं. स्नेहसरितांचा संगम परत आला. सुवर्णक्षण आला, चंदनवृक्ष आला, मरोळ आणि घाटकोपर यांना जोडणाऱ्या मेट्रोला 'दोन हृदयांना जोडणारी लोहरेशमी गाठ' अशी पदवी मिळाली. रतन वाहुळे हे 'महानगरीच्या थकल्या चाकांचे वैद्यराज' ठरले. ते ऐकून रतन यांनी आधी आपली नखं बघितली, ज्यांतलं काळं ग्रीस साबणानं कधीच पुरतं जात नसे. मग ते हसले, आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

शेवटी लवू माईक घेऊन शांताबाईंच्या खुर्चीजवळ आले आणि खाली वाकून त्यांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं. आणखी काहीतरी विचारलं. शांताबाईंनी त्यांच्या कानात सांगितलं.

"ज्यांच्या ओंजळीत अर्ध्या घाटकोपरने आपला पहिला श्वास घेतला," लवू सरळ उभे राहून म्हणाले, "प्रसूतिगृहाच्या त्या अखंड जागत्या ज्योती, वात्सल्यमूर्ती, कर्तृत्वशालिनी, आदरणीय, वंदनीय श्रीमती शांताबाई किसन वाहुळे!"

महापालिकेच्या प्रसूतिगृहात शांताबाईंनी आया म्हणून नोकरी केली होती. तिथं त्यांना कुणी 'शांता' म्हणे, बरेचजण नुसतंच 'ए बाई' म्हणत. स्पीकरमधून आपलं नाव सगळ्या हॉलभर गेलेलं ऐकून त्या उभ्या राहिल्या. उभं राहायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला, हात जोडले आणि टाळ्या थांबेपर्यंत तशाच राहिल्या, ताठ. टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

मग त्यांनी हात पुढे केला.

"द्या इकडं. आता मी बोलनार."

लवूंनी माईक कधी कुणाला सहजासहजी दिला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी दिला आणि स्वतः समोरच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले, ऐकायला.

"मला काय एवढं येत नाय," शांताबाई म्हणाल्या. माईक त्यांनी तोंडाला अगदी चिकटवून धरला होता. "शब्द ह्यांचेच हायत. माझे पाठ झालेत." त्यांनी श्वेताला जवळ बोलावलं आणि तिचा हात हातात घेतला. त्यांचा तळवा खरखरीत आणि उबदार होता. नंतर त्यांनी मान वर केली, आवाज खाली उतरवला, हुबेहूब लवूंसारखा.

"आमच्या घराच्या इतिहासात असा क्षन आजवर आला नाही, पुढे येईल याची शाश्वती नाही."

सोसायटीची माणसं एकमेकांकडे बघू लागली. ओळखीचं वाटतंय, पण कुठलं? मग एकदम सगळ्यांना आठवलं आणि हॉलभर हसू पसरलं. शांताबाई जराही विचलित झाल्या नाहीत.

"हिची शक्ती पाच अश्वांची. परंतु मन मात्र सागराचे."

मालन तोंडावर पदर घेऊन हसत होती. सम्यक खांबाला टेकून डोळे पुसत होता. लवू गावडे मात्र हसत नव्हते. ओठ किंचित उघडे ठेवून ते एकेक शब्द ऐकत होते, जणू ते त्यांनी कधी ऐकलेच नव्हते.

"मित्रहो, ही केवळ सून नव्हे," शांताबाई म्हणाल्या आणि थांबल्या. कुठं थांबायचं हे त्या सतरंजीवर बसून शिकल्या होत्या. हॉल शांत झाला. "ही आमच्या घरातल्या माउलीच्या हंड्यात उतरलेली पहाट आहे."

श्वेतानं हे वाक्य कितीतरी वेळा ऐकलं होतं. ऑफिसच्या लिफ्टबाहेर ऐकलं होतं, सनईसकट ऐकलं होतं. तिनं मान फिरवून कुंदाकाकूंना शोधलं. त्या दुसऱ्या रांगेत होत्या. आज फोन अजिबात काढायचा नाही असं तिनंच त्यांना बजावलं होतं, आणि फोन त्यांनी समोरच्या बाईच्या अंबाड्याआडून बरोबर धरला होता.

"काकू," श्वेता म्हणाली. "घेताय ना?"

"पहिल्या मंगलमयपासून," हात न हलवता कुंदाकाकू पुटपुटल्या. "तू मध्ये बोलू नकोस."